थडग्याला हात लावण्याआधी

गावाबाहेरची जुनी दफनभूमी साफ करायची असं एकदा ठरलं की पुढचं सगळं ठरलेल्या चालीने होतं. ग्रुपवर निरोप फिरतो, रविवारी पंचवीस-तीस माणसं जमतात, कोयते चालतात आणि दुपारपर्यंत रान आडवं होतं. मग कुणीतरी टाइल्स धुवायचं ॲसिड आणतं. काळवंडलेल्या संगमरवरावर फेस येतो आणि बघता बघता दगड पांढराफक्क निघतो. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी लावून सगळीकडे पाठवले जातात. तो फेस मळाचा नव्हता, दगडाचाच होता, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. संगमरवर हा चुन्याच्याच कुळातला. ॲसिड त्याला सरळ खातं. शंभर पावसाळ्यांत जी अक्षरं टिकली, ती त्या अर्ध्या तासात उथळ होऊन जातात.

या कामात उतरू पाहणाऱ्या मंडळींना माझं सांगणं एवढंच, की जुन्या दफनभूमीत वाचवण्याजोगी मुख्य गोष्ट म्हणजे दगडावरचा मजकूर. कुंपण, फाटक, पायवाट, हे सगळं मोडलं तर पुन्हा करता येतं. गेलेलं नाव परत येत नाही. कामाचा क्रमही त्यावरूनच लावायचा. आधी वाचायचं, मग नोंदवायचं, आणि हात लावायचा तो शेवटी, तोही जमेल तितका कमी.

उदाहरणाला रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल समाजाच्या दफनभूम्या घेतो. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यात हा समाज कित्येक पिढ्या राहिला. मराठी बोलणारे हे ज्यू. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून आलेली: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, दिवेकर. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं, असं त्यांची परंपरा सांगते. भारतात हा समाज एके काळी वीस हजारांच्या आसपास होता. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. अलिबागला इस्राएल आळी आहे, सिनेगॉग आहे, पण थडग्यांपाशी दर वर्षी येऊन बसणारं माणूस बहुतेक गावांत उरलेलं नाही. शेजारपाजारच्या लोकांनी हात दिल्याशिवाय या जागा टिकायच्या नाहीत. आणि त्यांच्या दगडांवर हिब्रूच्या जोडीने देवनागरी मराठी आहे, म्हणजे ते वाचायची निम्मी लायकी आपल्याकडे जन्मजात आहे. पुण्या-मुंबईतल्या किंवा जालना, नगर अशा छावणीच्या गावांतल्या गोऱ्यांच्या दफनभूम्यांनाही पुढचं बरंचसं सांगणं लागू पडेल.

सुरुवात कचेरीतून करा. जमीन कुणाची, हे सातबाऱ्यावर किंवा शहरात मिळकत पत्रिकेवर बघून घ्या. सिनेगॉगच्या किंवा समाजाच्या विश्वस्तांकडे असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात न्यासाच्या मालमत्तेची नोंद सापडते. ख्रिस्ती दफनभूमीसाठी त्या त्या चर्चचं किंवा धर्मप्रांताचं कार्यालय, कब्रस्तानासाठी तिथली समिती आणि वक्फ मंडळ. कुणाचंच नाव नीट लागत नसेल तर ग्रामपंचायत आणि तहसील. परवानगी लेखी घ्या आणि तीत काय करणार तेही लिहून घ्या: गवत कापणं, मोजमाप, फोटो. ‘स्वच्छता व दुरुस्ती’ असा मोघम शब्द घातला की त्याच्या पोटात उद्या सिमेंटपण येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली दफनभूमीत घुसून कुणाच्या भावना दुखावणं हा गुन्हा आहे. तुमचा हेतू चांगला असला तरी तो कागदावर असलेला बरा.

जागा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत असेल तर विषयच वेगळा. तिथे स्वयंसेवकाने खात्याला पत्र लिहायचं, खुरपं उचलायचं नाही. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीनेच, हेही लक्षात असू द्या. कुंपणाच्या भिंतीवरून बरीच मंडळं इथे अडकतात. दोन्ही महायुद्धांतल्या सैनिकांची एकसारखी थडगी, मग ती खडकीच्या युद्ध दफनभूमीत असोत की देवळालीसारख्या ठिकाणी, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या देखरेखीखाली असतात. त्यांना हात लावू नये, कळवावं.

कागदानंतर माणसं. सरपंच, पोलीस पाटील आणि दफनभूमीला लागून ज्यांची वाडी किंवा शेत आहे ते, यांना आधी भेटा. शेजाऱ्याचा बांध चार फूट आत सरकलेला असू शकतो. तुम्ही टेप घेऊन उभे राहिलात की त्याच्या पोटात गोळा येणार. हद्दीचा वाद असेल तर मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून विश्वस्त करवून घेतील, तुम्ही त्यात पडू नका. दुसरी गोष्ट हसण्यासारखी वाटेल, पण हसण्यावारी नेऊ नका. जुन्या थडग्यापाशी कुणी खणतंय असं दिसलं की गावात गुप्तधनाची बोलवा उठते, आणि तुम्ही गेल्यावर रात्री खरोखरच कुणी पहार घेऊन येतो. म्हणून खणायचं नाहीच. काम दिवसाउजेडी, अमावास्या टाळून, आणि कामावर आहात तोवर फाटकावर पाटी: कोण, कुणाच्या परवानगीने, काय करत आहे.

ज्यांची थडगी आहेत त्यांची रीत विचारून घ्यावी. बेने इस्राएल दफनभूमीत शनिवारी आणि त्यांच्या सणांना काम ठेवू नका. शुक्रवारी दुपारनंतरच आवरतं घ्या. डोकं झाकलेलं असावं, आत खाणंपिणं नको, थडग्यावर बसणं किंवा डबा ठेवणं तर नाहीच. बाहेर पडताना हात धुतात, त्यासाठी फाटकाबाहेर पाण्याचा ड्रम ठेवा. आणि एक गोष्ट नव्या माणसाला हमखास ठाऊक नसते. थडग्यावर चार-पाच लहान गोटे ठेवलेले दिसले तर ते खराट्याने लोटू नका. येणारा माणूस फुलांऐवजी तो गोटा ठेवून जातो. कुणी तरी हैफाहून किंवा अश्दोदहून येऊन आजोबांच्या डोक्याशी ठेवलेला तो दगड आपण कचरा म्हणून पाटीत भरायचा, हे बरं दिसत नाही. पावसाने हाड उघडं पडलेलं दिसलं तर फोटो काढू नका. तिथलीच माती वर सारा आणि विश्वस्तांना लगेच कळवा. मुसलमानांच्या कच्च्या मातीच्या कबरी कच्च्या असतात त्या रिवाजाने, गरिबीने नव्हे. त्यांना चौथरा बांधून द्यायचा उपकार करू नये.

आता खरं काम, नोंदणी. यासाठी सगळं रान कापायची गरज नसते. दोन ओळींमधून माणूस चालेल एवढी वाट मोकळी झाली की पुरे. दिवस दसऱ्यानंतरचे निवडा. जमिनीत ओल असते, गवत मोडतं आणि ऊन तिरपं यायला लागलेलं असतं. ओळी पाडा, आलेखाच्या कागदावर नकाशा काढा आणि प्रत्येक थडग्याला क्रमांक द्या. क्रमांक दगडावर रंगवायचा नाही. बांबूची खुंटी आणि तिला तारेने बांधलेला पत्र्याचा तुकडा. फोनचं जीपीएस चार-पाच मीटर सहज इकडे तिकडे दाखवतं, त्यामुळे लगतची दोन थडगी त्यावर वेगळी ओळखता येत नाहीत. कोपऱ्यातल्या एखाद्या पक्क्या खुणेपासून टेपने मोजलेलं अंतरच खरं.

मजकूर वाचायचा तो उजेडाने. अक्षरावर खडू, पीठ, पावडर, दाढीचा फेस असलं काही फासू नका. पिठावर बुरशी धरते आणि फेसातली रसायनं दगडात मुरतात. कागद ठेवून कोळसा घासायचा प्रकारही पापुद्रे सुटणाऱ्या दगडाला मारक आहे. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन बाजूने येतं, तेव्हा उभं राहून बघा. भर दुपारी कोरा वाटलेला दगड त्या वेळी बोलायला लागतो. दगडाचं तोंड सावलीकडे असेल तर हातभर उंचीचा आरसा घ्या. एकाने आरसा धरून उन्हाचा कवडसा दगडाच्या कडेवरून जवळजवळ घासत न्यायचा, दुसऱ्याने समोरून फोटो घ्यायचा. आरसा थोडा वरखाली केला की आधी वरच्या ओळी उठतात, मग खालच्या. एका फोटोत सगळं मिळत नाही, तीन-चार घ्यावे लागतात. काळ्या फत्तरावर कोरलेलं उथळ मराठी वाचायला याहून चांगली आणि स्वस्त युक्ती माझ्या माहितीत नाही.

वहीत मजकूर ओळीला ओळ उतरवा. दगडावर ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व, चुकलेलं असेल तर चुकलेलं. शुद्धलेखन सुधारायचा मोह आवरा. न दिसणाऱ्या अक्षरांपुढे तेवढी टिंबं द्या आणि तुमचा अंदाज वेगळ्या रकान्यात लिहा, मजकुरात मिसळू नका. एकच मजकूर दोघांनी स्वतंत्रपणे वाचून मग ताडून पाहिला तर फार फरक पडतो. दगड कोणता, लांबी-रुंदी, दिशा, तडा, झुकाव हेही लिहा. नाव मराठीत एक आणि हिब्रूत दुसरं असेल तर गोंधळू नका, दोन्ही उतरवा. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये उभारणारे सामुएल येझकेल दिवेकर गावच्या बोलीत सामाजी हसाजी होते. अशी जोडनावं पुढे वंशावळ जुळवणाऱ्याला सोन्यासारखी वाटतात.

हिब्रू येत नसेल तरी वर्ष काढता येतं, आणि ते यावं असं मला वाटतं. वर्ष हाती लागलं की थडगं माणसाचं होतं. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. समजा वर्षाच्या जागी ताव, रेश, सादी आणि हे अशी अक्षरं आहेत. ताव म्हणजे ४००, रेश २००, सादी ९०, हे ५. बेरीज ६९५. मागचे पाच हजार बहुधा लिहीत नाहीत, ते धरून चालायचे. म्हणजे ज्यू वर्ष ५६९५. आपल्यापुरता सोपा हिशेब असा, की बेरजेत १२४० मिळवायचे. ६९५ अधिक १२४०, इसवी सन १९३५. त्यांचं नवं वर्ष आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास लागतं, त्यामुळे तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंतचा मृत्यू असेल तर एक वर्ष कमी धरायचं. जवळच इंग्रजी तारीख किंवा शके दिलं असेल तर पडताळा होतो. शकात ७८ मिळवायचे, पौषापासून फाल्गुनापर्यंत जानेवारी लागलेला असेल तर ७९.

एक खड्डा सांगून ठेवतो. पुष्कळ ज्यू दगडांच्या तळाशी ताव, नून, सादी, बेत, हे अशी पाच अक्षरं असतात. ते वर्ष नव्हे. मृताच्या जिवाला चिरंतन जीवनात जागा मिळो, अशा अर्थाच्या प्रार्थनेतल्या शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. त्यांची बेरीज केली तर ५४७ येते आणि आपल्या सूत्राने साल निघतं १७८७. दफनभूमीतले सगळेच जण १७८७ मध्ये वारलेले निघाले, तर रोगाची साथ शोधायला जाऊ नका. तसंच अगदी माथ्यावर पे आणि नून ही दोन अक्षरं दिसतील. ‘इथे पुरले आहे’ एवढाच त्यांचा अर्थ.

आता कळेल की पेंटरला बोलावून अक्षरांत काळा रंग भरून घेणं किती धोक्याचं आहे. हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका ‘जीर्णोद्धार’. हिब्रूतली ‘हे’ आणि ‘खेत’ ही दोन्ही अक्षरं तीन बाजूंनी बंद चौकटीसारखी. हे-च्या डाव्या खांबाला वरती बारीकशी फट असते, खेतला नसते. पेंटरने ती फट ओरखडा समजून बुजवली की ५ चे ८ झाले आणि १९३५ मध्ये गेलेला माणूस १९३८ पर्यंत जगला. दालेत आणि रेश यांत तर उजव्या कोपऱ्याच्या टोकाएवढाच फरक. एकाची किंमत ४, दुसऱ्याची २००. मराठी अक्षरांतही झिजलेला ‘घ’ हां हां म्हणता ‘ध’ होतो. आधीचा रंग असेल तर तो खरवडूही नका. पूर्वी ज्या संगमरवरी पाट्यांत शिशाची अक्षरं बसवत, तिथे अक्षरं गळून गेली तरी ती ठोकायला पाडलेली बारीक छिद्रं राहतात आणि त्या छिद्रांवरून नाव लावता येतं. अशा पाटीत कुणी पुट्टी भरली तर संपलं.

जुन्या याद्यांशी ताडून पाहणं राहून जातं. युरोपीय थडग्यांच्या बाबतीत ब्रिटिश अमदानीत प्रांतवार लेखसंग्रह छापले गेले. ओ. एस. क्रॉफ्टन यांनी केलेली निजामाच्या राज्यातल्या थडग्यांची यादी १९४१ ची, आणि मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. १९७६ साली थिऑन विल्किन्सन यांनी लंडनमध्ये ‘बाक्सा’ ही दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूम्यांसाठीची संस्था काढली, तिचाही भर आधीपासून मजकूर उतरवून ठेवण्यावरच राहिला. बेने इस्राएलांच्या बाबतीत सिनेगॉगची दफ्तरं आणि हाइम सामुएल केहिमकर यांचा इतिहासग्रंथ आधाराला घ्या. तो लिहून झाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, छापला गेला १९३७ मध्ये.

रानाकडे वळू. कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कामाचे दिवस आणि खाजकुयली वाळायचेही तेच दिवस. तिचा वेल कुंपणावर असेल तर पहाटे दव असतानाच काढा, भर उन्हात कुसं उडतात आणि सगळा जथा खाजवत घरी जातो. फुरसं दगडांच्या सांदीत आणि पालापाचोळ्यात बसतं. हात घालण्याआधी काठी घाला, गमबूट आणि जाड हातमोजे प्रत्येकाला हवेत. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आज शिल्लक आहे, हे त्याच सकाळी फोन करून विचारा. वर झाडाला आग्या मोहोळ असेल तर त्या कोपऱ्यात जाऊच नका.

गवताला काडी कधीही लावू नका. राब भाजायची सवय असलेल्या भागात ही सूचना कुणी तरी हमखास करतो, काम झटपट होतं म्हणून. आगीच्या धगीने फत्तराचे टवके उडतात आणि संगमरवर आतून भुसभुशीत होतो. ग्रास कटर वापरायला हरकत नाही, पण त्याचा नायलॉनचा दोरा संगमरवराच्या कडा खातो. दगडाभोवती वीतभर पट्टा विळ्यानेच कापायचा. टणटणी आणि रानमोडी मुळासकट उपटली तर चालते, ती थडग्यापासून दूर असेल तेव्हा. दगडांच्या सांध्यात उगवलेला पिंपळ किंवा उंबर मात्र ओढायचा नाही, मुळं दगडच घेऊन येतात. बुंध्याशी कापा आणि ताज्या कापावर तणनाशक ब्रशने, फक्त तेवढ्या चकतीला लावा; फवारणी नको. मूळ आत वाळू द्या, सांधा नंतर भरता येतो. थडग्याला कवेत घेऊन वाढलेलं मोठं झाड तसंच राहू द्यावं. कित्येकदा ते झाडच दगडाला धरून असतं, आणि शहरी हद्दीत ते तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगीही लागते.

धुण्याबद्दल थोडक्यात. सगळे दगड धुवायचे नसतात. बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. आवाज पोकळ आला, किंवा अंगावर वाळूसारखी पूड आली, तर तो दगड सोडून द्या. बाकीच्यांना साधं गोडं पाणी आणि काथ्याचा किंवा नरम केसांचा ब्रश पुरे. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, ते वापरू नका. त्यातलं मीठ दगडात शिरतं, वाळताना फुगतं आणि पापुद्रा सोडवतं. टँकर मागवावा लागला तरी चालेल. आधी दगड भरपूर भिजवा, मग खालून वर घासत जा म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर उमटत नाहीत, आणि शेवटी स्वच्छ पाणी सोडा. शेवाळ बांबूच्या कामटीने निघतं. दगडफूल चिवट, ओढून काढलं तर दगडाचा थरही घेऊन येतं. अक्षरं दिसत असतील तर राहू द्या. तारेचा ब्रश, कपड्याची पावडर, ब्लीचिंग, ॲसिड आणि गाड्या धुवायचा प्रेशर पंप, यांतलं काहीही आवारात येता कामा नये. दगड म्हातारा दिसतोय तर दिसू द्या. एकदा धुतलेल्या दगडाला पुन्हा तीन-चार वर्षं हात लावू नका.

चौथरे आणि सांधे खचलेले असतील तर गवंडी लागतो आणि इथेच बहुतेक कामं बिघडतात. जुनं बांधकाम चुन्यातलं. पावसाचं जे पाणी आत मुरतं ते चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडतं. तुम्ही सांधा सिमेंटने बंद केलात की ते पाणी दगडातून वाट काढतं, आणि चार-पाच पावसाळ्यांत सांधा शाबूत व दगडाचं तोंड गळालेलं असं उलटं दृश्य दिसतं. जांभ्याचं तर विचारूच नका. चांगला विरवलेला चुना, धुतलेली गोड्या पाण्यातली वाळू आणि थोडी सुरखी, एकास तीनच्या आसपास, हे प्रमाण तुमच्या दगडाला जमतं का ते मागच्या बाजूला छोटा तुकडा भरून बघा. काम झाल्यावर गोणपाट टाकून निदान दोन आठवडे ते ओलं ठेवायला माणूस हवा. तो मिळणार नसेल तर काम यंदा काढू नका. चुन्याचं काम येणारा गवंडी गावात नसतोच असं नाही. जुन्या देवळांच्या दुरुस्तीवर कोण होतं, ते विचारत गेलं की एखादा म्हातारा सापडतो.

पडलेला दगड उभा करायचा उत्साह मात्र आवरा. तीन फूट उंच, दीड फूट रुंद आणि दोन इंच जाडीची संगमरवरी पाटी पन्नास-साठ किलोंची भरते. चार बाय दोन फुटांचा सहा इंची काळा फत्तर सव्वातीनशे किलोंच्या आसपास जातो. तो बोटांवर पडला तर बोटं गेली, आणि तो मोडला तर मजकूर गेला. डुगडुगणारे दगड ओळखून त्यांच्याभोवती दोरी बांधा, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. मातीत पालथी पडलेली पाटी वाचायला उलटायची असेल तर चार माणसं, पहार नाही, लाकडी फळ्या आणि गोणपाटाची गादी. वाचून झाल्यावर ती लाकडी पट्ट्यांवर, पाणी साचणार नाही असा किंचित उतार देऊन, आपल्याच थडग्यावर ठेवा. तुकडे झाले असतील तर चिकटवू नका, सिमेंटमध्ये बसवून चौथराही करू नका. जुळवून, क्रमांक बांधून तिथेच ठेवा. घरी नेऊन जपायचे तर मुळीच नाहीत, उद्या त्याला चोरीच म्हणतील. उभं करायचं काम संवर्धन वास्तुविशारदाच्या सल्ल्याने, पैसे जमतील तेव्हा. आतल्या गंजक्या लोखंडी खुंटीमुळे दगड फुटला असेल तर नवी खुंटी स्टेनलेस स्टीलची घालायला सांगा.

मात्र पाण्याचा निचरा पहिल्याच वर्षी बघा. अलिबागकडे चार महिन्यांत दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेलेला असतो आणि त्याचं सगळं पाणी दफनभूमीत उतरतं. मेअखेर बाहेरच्या बाजूने चर मोकळा करून घेतला तर इतर सगळ्या दुरुस्त्यांहून त्याचा उपयोग जास्त. आतल्या बाजूला चर खणायचा नाही, का ते सांगायला नको.

हे सगळं पुढच्या वर्षी कोण करणार, हा प्रश्न पहिल्या बैठकीतच काढा. मोठा कार्यक्रम आणि पाहुणे यांवर खर्च करण्यापेक्षा गावातल्याच एका माणसाला महिन्याचे ठरावीक पैसे देऊन किल्ली सोपवलेली बरी. शेजारच्या गोठेवाल्याला दसऱ्यानंतर गवत फुकट कापून न्यायला सांगितलं तर दोघांचंही भागतं. अट एवढीच की गुरं आत सोडायची नाहीत, कारण म्हैस अंग घासायला उभा दगडच शोधते. पैसे विश्वस्तांच्या खात्यात जाऊ द्या, मंडळाच्या नावाने वेगळा डबा फिरवू नका. हिशेब फाटकावर लावला की गावातल्या अर्ध्या शंका बसतात.

आणि वहीची एक प्रत विश्वस्तांकडे, एक तालुक्याच्या ग्रंथालयात, एक जिल्ह्याबाहेर कुठेतरी ठेवा. फोटोंच्या फाइलला थडग्याचा तोच क्रमांक द्या. गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या थडग्यांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नका. जुन्यांची नावं मात्र शोधणाऱ्याला सापडतील अशी ठेवा, आणि पत्रव्यवहाराला एक माणूस नेमा. परदेशातून चौकशी येते ती बहुधा एवढीच असते: आजीचं नाव, गावाचं नाव आणि साल अंदाजे. त्यावर क्रमांक, फोटो आणि नकाशावर खूण असं उत्तर आठवड्याभरात गेलं पाहिजे, आणि ती मंडळी डिसेंबरात येतो म्हणाली तर तोवर त्या ओळीपर्यंतची वाट कापलेली असली पाहिजे.